लातूरहून मुंबई : चार दिवस, दोन लेकरं आणि साबा. काय बघावं, काय सोडावं?

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. १७ डिसेंबरला, बुधवारी सकाळी सीएसएमटीला उतरतोय. शनिवारी २० ला रात्रीच्या गाडीनं परत. माणसं पाच. मी, नवरा, मुलगा सहा वर्षांचा, मुलगी तीन वर्षांची आणि साबा (म्हणजे सासूबाई, वय ६८, गुडघे कुरकुरतात पण तोंडानं कधी कबूल करणार नाहीत).

लेकरांनी समुद्र बघितलेला नाही. साबांनी पण नाही. नवरा १९९६ साली शाळेच्या सहलीला मुंबईला येऊन गेलाय, त्या भांडवलावर त्यानं चौदा ठिकाणांची यादी केलीय. ती वाचूनच मला दम लागला. शिवाय त्याची आतेबहीण डोंबिवलीला असते, आमच्याकडेच उतरा म्हणून तिचा रोज फोन.

उतरावं कुठं? चौदातली किती ठिकाणं काटू? आणि तीन वर्षांच्या पोरीला लोकलमध्ये नेणं हा वेडेपणा आहे का?

पावणेनऊची_स्लो
एकोणीस वर्षं डोंबिवलीत राहतोय, त्या अधिकारानं सांगतो. आतेबहिणीकडे उतरू नका. माणसं चांगलीच असणार, प्रश्न गाडीचा आहे. डोंबिवलीहून सीएसएमटी फास्ट लोकलनंही तास-सव्वा तास. सकाळी साडेसात ते साडेदहा तिकडे जाताना आणि संध्याकाळी साडेपाचनंतर परत येताना तुम्ही बरोब्बर गर्दीच्या पोटात सापडणार. कडेवर झोपलेलं पोर घेऊन ठाण्यानंतर दाराकडे सरकायचं काम आम्हालाच जमत नाही.

सीएसएमटी, फोर्ट नाहीतर गिरगाव भागात साधं लॉज बघा. दुपारी खोलीवर येऊन आडवं होता येणं, हीच निम्मी ट्रिप. आतेबहीण नाराज होईल, तर तिलाच एक दिवस डबा घेऊन बागेत बोलवा.

पैसावसूल
एवढे लांबून येताय तर मुंबई दर्शनच्या बसनं एका दिवसात गेटवे, हँगिंग गार्डन, तारांगण, हाजी अली, जुहू सगळं उरकतं. दुसऱ्या दिवशी घारापुरी, तिसऱ्या दिवशी नॅशनल पार्क. चौथा दिवस खरेदी. चौदाची यादी सहज होईल. पोरांना सवय लागते हो.

दोन_पोरांची_आई
@पैसावसूल, तुम्ही पोरांना घेऊन गेलाय की पोरांच्या आईनं नेलं आणि तुम्ही फोटो काढलेत? (हलके घ्या.)

मांजराकाठ, मी कांदिवलीची. मोठी आठची, धाकटा चारचा. बसच्या दर्शनात ‘खाली उतरा, वीस मिनिटं’ असा हिशोब असतो. तीन वर्षांच्या पोराला शू लागायला, करायला आणि चड्डी पुन्हा चढवायला वीस मिनिटं जातात. दिवसाला एक ठिकाण धरा. दुसरं जमलं तर नशीब.

- बाबागाडी आणू नका. इथल्या फुटपाथवर ती उचलूनच न्यावी लागते.
- लोकलला घाबरू नका, फक्त अकरा ते चारमध्ये बसा. सीएसएमटीला गाडी रिकामी होते, बसायला मिळतं. बायकांच्या डब्यात तुम्ही, साबा आणि मुलं. नवऱ्याला जनरलमध्ये सोडा, तो १९९६ च्या आठवणी काढील.
- रिक्षा शोधत बसू नका. माहीम-शीवच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाही. तिथं टॅक्सी. मीटरचं किमान भाडं ३१ रुपये आहे.
- बाथरूम दिसली की जायचं, लागो न लागो. चौपाटीवर ऐनवेळी शोधाशोध होते.
- मुलांच्या खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. मोठ्यालाही.

गोरखचिंच
बुधवारी येताय म्हणून आधीच सांगून ठेवते, राणीची बाग बुधवारी बंद असते. गेल्या वर्षी आमचे पाहुणे फाटकापर्यंत जाऊन परत आले, पोरगं तिथेच फरशीवर लोळलं. सोमवारी घारापुरी बंद, नॅशनल पार्क बंद, तारांगणही बंद. तुम्ही सोमवारी नाही आहात तेवढं बरं.

गुरुवारी सकाळी साडेनऊ-दहालाच भायखळ्याला जा. सीएसएमटीहून तिसरं स्टेशन, म्हणजे लोकलची हौसही फिटते आणि दहा मिनिटांत सुटकाही होते. आधी पेंग्विन बघून घ्या, नंतर तिथं रांग लागते. ही बाग १८६२ पासूनची आहे. प्राणी दुपारी झोपले तरी झाडं जागी असतात. माझ्या नावाचं झाडही तिथं आहे, खोडाला मिठी मारायला पाच-सहा जण लागतात.

जुना_मफलर
चौदाच्या यादीत तारापोरवाला मत्स्यालय असणारच, १९९६ ची यादी आहे म्हटल्यावर. ते काढा. बंद आहे. मी नातवाला ‘तुला मासे दाखवतो’ म्हणून मरीन ड्राइव्हवर घेऊन गेलो आणि शेवटी भेळ खाऊन आलो.

म्हातारीचा बूट मात्र आहे. कमला नेहरू पार्कात आता पूर्वीपेक्षा नीट ठेवलाय, आत फक्त लहान मुलांना सोडतात. समोरच्या हँगिंग गार्डनच्या हिरवळीखाली पाण्याची प्रचंड टाकी आहे, दक्षिण मुंबईचं पाणी तिथून येतं. मुलाला सांगा, आपण टाकीच्या झाकणावर चाललोय. माझा नातू त्यानंतर तासभर पाय आपटून आवाज ऐकत होता. जवळच झाडांतून जाणारी लाकडी पायवाट २०२५ मध्ये सुरू झालीय, पण तिचं तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं.

सातासमुद्रापार
मी सिंगापूरला असते. इथे मुलांच्या जागा सुंदर आहेत, सावली, पाणी, स्वच्छ बाथरूम. तरी सुट्टीत माझी मुलं आजोळी गिरगावात जिन्याच्या कठड्यावरून घसरण्यात जास्त रमतात. मणिभवन सुचवीन, गांधीजी मुंबईत तिथे उतरायचे. वरच्या मजल्यावर त्यांच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या बाहुल्यांनी मांडलेत. सहा वर्षांच्या मुलाला ते काचेला नाक लावून बघता येतं. अर्ध्या तासात होतं, तिकीट नाही.

मांजराकाठ
बापरे, किती प्रतिसाद! सगळ्यांना धन्यवाद. फोर्टात लॉज बुक केलं. आतेबहीण चार दिवस बोलली नाही, मग गुरुवारी डबा घेऊन यायला तयार झाली.

यादी चौदावरून सहावर आलीय. नवरा घारापुरी सोडायला तयार नाही. ‘जागतिक वारसा आहे’ म्हणतो. काय करू?

दोन_पोरांची_आई
गेटवेहून लाँचनं तास, मग जेट्टीवरून छोटी गाडी, मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. वर माकडं टपलेली. माझ्या लेकाच्या हातातून ज्यूसची बाटली गेली, तीही झाकण उघडून. परत तास. साबांचे गुडघे आणि तीन वर्षांची पोर धरून मी नाही म्हणेन. गेलातच तर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय लाँच हलू देऊ नका. डिसेंबर २०२४ चा अपघात विसरण्यासारखा नाही. नुसती लाँचची हौस असेल तर गेटवेहून बंदरात अर्ध्या तासाची फेरी मारून आणतात, तेवढी पुरे.

गोरखचिंच
तोड काढते. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून घारापुरीला एलिफंटा म्हटलं, तो हत्ती आता बेटावर नाहीच! राणीच्या बागेला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, त्याच्या आवारात उभा आहे. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला होता. उचलताना साखळी तुटली, हत्ती पडून फुटला, मग तुकडे जोडून भायखळ्यात उभा केला. नवऱ्याला म्हणावं, एलिफंटातला एलिफंट तरी बघ. गुंफा मुलं मोठी झाल्यावर.

वरळीचा_नाखवा
सगळे पेंग्विन आणि बूट सांगताय, पण ताईंनी पहिल्याच ओळीत लिहिलंय की पोरांनी समुद्र बघितला नाही. समुद्र केव्हा बघायचा ते कोणी सांगितलं का?

ताई, समुद्र दिवसभर एका जागी नसतो. भरतीला गेलात तर मरीन ड्राइव्हच्या कठड्यापर्यंत पाणी, ओहोटीला गेलात तर नुसते दगड. हाजी अलीची वाट तर भरतीत पाण्याखाली जाते. आमचा कोळीवाड्यातला हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, तर पावणेचारला भरती. तिथून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशोब एकच. अमावास्या आणि पुनवेला पंधरा धरायचे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. अमावास्या-पुनवेला उधाण, पाणी दोन पुरुष, म्हणजे दोन माणसांच्या उंचीइतकं, वरखाली होतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फार हालत नाही.

पाण्यात मात्र उतरवू नका. गिरगावात पाणी बघायचं, पोहायचं नाही.

पैसावसूल
@नाखवा, मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक मिळतं की.

वरळीचा_नाखवा
मिळतं ना. बॅटरी संपली की तिथी राहते.

मांजराकाठ
धागा वर काढतेय. काल परत आलो. कपडे अजून बादलीत आहेत, पण विसरायच्या आत लिहून टाकते.

पहिला दिवस, बुधवार. सकाळी गाडीतून उतरलो तेव्हा पोरगी झोपेत, पोरगा शहाण्यासारखा, साबा पदर खोचून तयार. लॉजवाल्यानं फोनवर ‘लिफ्ट आहे’ सांगितलं होतं. लिफ्ट होती. आठ महिन्यांपासून बंद होती. खोली तिसऱ्या मजल्यावर. साबा एक शब्द न बोलता चढल्या आणि वर गेल्यावर म्हणाल्या, ‘तुमची घारापुरी झाली.’

दुपारी झोपून चार वाजता टॅक्सीनं गिरगाव चौपाटीला गेलो. नाखवांचा प्रतिसाद मी वाचला होता, ‘छान माहिती’ म्हणून पुढं गेले होते. त्याचं फळ मिळालं. वाळू, ओली वाळू, चिखल, आणि लांब तिकडं एक चकाकती रेघ. तो समुद्र.

पोरगा बराच वेळ बघत उभा राहिला. मग गंभीरपणे विचारलं, ‘आई, आज इथं पाणी सोडायचा दिवस नाही का?’

लातूरकरांना वेगळं सांगायला नको. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, साबा वारावर खूण करून ठेवतात. २०१६ च्या उन्हाळ्यात तर मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं. तो तेव्हा जन्मला नव्हता, पण आजीकडून इतक्यांदा ऐकलंय की स्वतः बघितल्यासारखा सांगतो. शेजारी भेळवाला उभा होता, तो हसून हसून लाल. मला मात्र हसावं की काय करावं कळेना.

रात्री खोलीवर साबांना पाऊणपटीचा हिशोब वाचून दाखवला. त्यांनी बॅगेतून कालनिर्णय काढलं. (हो, चार दिवसांच्या ट्रिपला भिंतीवरचं कालनिर्णय गुंडाळी करून आणलं होतं. मी काही बोलले नाही.) ‘आज त्रयोदशी. तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे सकाळी पावणेदहाला भरलं होतं, आपण ओसरल्यावर गेलो.’ पाठ्यपुस्तकातलं गणित कधी न सोडवलेल्या बाईंनी पाऊणपट बोटांच्या पेरांवर केली, मी मोबाइल काढेपर्यंत. ‘शुक्रवारी अमावास्या. सव्वाअकराला. आधी जाऊन बसायचं.’ तिथून पुढं ट्रिपची सूत्रं त्यांच्याकडं.

गुरुवारी राणीची बाग. लोकलचा अनुभव उत्तम, पोरानं तिन्ही स्टेशनांची नावं मोठ्यानं वाचली आणि डब्यातल्या एका मावशींनी त्याला शाबासकी म्हणून शेंगदाण्याची चिक्की दिली. पेंग्विनपाशी पोरगी माझ्या खांद्यावर गाढ झोपली ती बाहेर आल्यावरच उठली, त्यामुळं तिच्यापुरते पेंग्विन अजून मुंबईत नाहीतच. पोरगा पेंग्विनना पाण्याखालून पोहताना बघून खूश. साबांना त्या गारव्यात शाल लागली.

दगडी हत्ती मात्र सगळ्यांना भावला. फुटून जोडलाय म्हटल्यावर पोरगा पाऊण तास त्याच्याभोवती सांधे शोधत फिरला. एक रेघ सापडली असं त्याचं म्हणणं. मला ती पावसाच्या ओघळाची वाटली, पण वाद घातला नाही. आतेबहीण डब्यात पुरणपोळ्या घेऊन आली, बागेतल्या बाकावर बसून खाल्ल्या. रुसवा मिटला.

शुक्रवारी साडेदहालाच मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर. कालनिर्णय साबांच्या मांडीवर. आधी चार पायांचे ते सिमेंटचे दगड अर्धे उघडे होते. पोरगा एकेक मोजत होता, ‘हा गेला, हा पण गेला.’ अकराच्या पुढं पाणी वर येऊन दगडांच्या फटीत ‘धप्प’ असा आवाज करायला लागलं, जसा विहिरीत मोठा हंडा पडल्यावर येतो. साडेअकराच्या पुढं एक फवारा वर आला आणि साबांचा पदर भिजला. त्यांनी तो पिळला नाही. तसाच तोंडावरून फिरवला, जिभेला लागलं तसं म्हणाल्या, ‘खारट आहे की खरंच.’

दीड तास तिथंच. त्यामुळं त्या दिवशीचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय घाईत झालं. मुलांचा वेगळा विभाग बघितला, पेंढा भरलेले प्राणी बघितले, बाकी दालनांत आम्ही शिरलोच नाही.

डबलडेकर ही नवऱ्याची हौस. सीएसएमटीसमोर ११५ नंबरसाठी थांबलो, बरीच वाट बघितल्यावर आली. वरच्या मजल्यावर पुढची सीटही मिळाली. तर हा बिचारा काच उघडायला बघतोय. आता सगळ्या एसी, काच उघडत नाही. जुन्या उघड्या खिडक्यांच्या २०२३ च्या सप्टेंबरात गेल्या म्हणे. तो चर्चगेटपर्यंत मुलांना सांगत राहिला की इथं कसं वारं यायचं आणि झाडाच्या फांद्या कशा थडकायच्या. मुलं एसीच्या गार हवेत खूश होती.

शनिवारी मेट्रोनं नेहरू विज्ञान केंद्र. भुयारातली मेट्रो सीएसएमटीवरून थेट जाते, स्टेशनचं नावच विज्ञान केंद्र. तिथं सगळ्याला हात लावू देतात, हे लहान मुलांसाठी फार मोठं. बाहेरच्या बागेत जुनं वाफेचं इंजिन आहे. पूर्ण दिवस तिथं गेला असता, आम्ही दुपारी निघालो. आता वाटतं, तिथंच थांबायला हवं होतं. म्हातारीचा बूट, मणिभवन, चौपाटीवरचा सूर्यास्त राहिलं. चौदापैकी पाच झाली.

पावणेनऊची_स्लो
सुरेख वृत्तांत! पदर तोंडावरून फिरवला ते वाचून थांबलो जरा.

जुना_मफलर
बंद लिफ्टबद्दल लॉजवाल्याकडून पैसे कमी करून घेतलेत का? नसतील तर पुढच्या वेळी सामान वर नेण्याआधी खोली बघत जा. आणि पहिल्या मजल्याचा हट्ट धरायचा, फोर्टातल्या जुन्या इमारतींत एकेक मजला दोन मजल्यांएवढा असतो.

मांजराकाठ
@जुना_मफलर, दोनशे रुपये कमी केले, तेही साबांनी. त्यांनी फक्त विचारलं, ‘आमचे गुडघे कुठं जमा करायचे?’

पैसावसूल
पाचच झाली हे वाचून वाईट वाटलं, पण समुद्राच्या कठड्यावर दीड तास हे मलाही पटलं. आम्ही कधी तिथं पंधरा मिनिटांच्या वर थांबलो नाही. अवांतर, फेब्रुवारीत भावाची मुलं येतायत सांगलीहून. शनिवार-रविवारच मिळतोय. राणीच्या बागेत रविवारी फार गर्दी असते का?

गोरखचिंच
असते. उघडायच्या आधी पंधरा मिनिटं फाटकाशी उभे राहा, बारापर्यंत बाहेर पडा.

वरळीचा_नाखवा
साबांना माझा नमस्कार सांगा. पुढच्या वेळी वरळीला या, किल्ल्यावरून दाखवतो.

मांजराकाठ
सांगितला. त्या म्हणाल्या, पुनव बघून येऊ.

पोरगा काल त्यांच्या मागं लागला होता, आपल्या नळाची पण पाऊणपट काढ म्हणून. त्यांनी पेन्सिलनं कालनिर्णयावर काहीतरी केलंय. शुक्रवार निघालाय. बघू.